गाडीखाली गंज दिसला? आधी कुठे ते बघा

पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: 'नवी गाडी घेताना मोबाइल खाली घालून फोटो काढा. गंज दिसला तर गाडी पुरातली किंवा वर्षभर यार्डात सडलेली. घेऊ नका. घेतलीच असेल तर त्याच दिवशी गाडीच्या तळाला अंडरकोटिंगचा थर मारा.' फोटो काढायचा सल्ला झकास. बाकीचं तपासून घेऊ.

'नव्या गाडीला गंज येतच नाही.' एका रात्रीत येतो! ब्रेकची डिस्क बिडाची असते आणि जिथे पॅड घासतात तिथे रंग टिकणारच नाही. गाडी धुऊन उभी केली की सकाळी डिस्क तांबूस. कोपऱ्यापर्यंत जाताना दोन-चार ब्रेक मारले की चकचकीत. सायलेन्सरचं स्टील नावाला स्टेनलेस, पण बऱ्याच गाड्यांत त्यात क्रोमियम सुमारे ११ टक्केच. घरातल्या पातेल्यात याहून बरंच जास्त असतं. म्हणून सायलेन्सर वरून लवकर तपकिरी होतो, पण भोक पडायला वर्षं जातात. चाकांना धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या आर्मवर गंज पहिल्यांदा डोकावतो तो वेल्डिंगच्या रेघेवर. तिथे काचेसारखे कण उरतात आणि त्यांच्यावर रंग धरत नाही. हे भाग जाडजूड असतात, घाबरायचं कारण नाही.

बॉडीच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून, वीज सोडून थर चढवलेला असतो. तरीही दाराच्या खालच्या घडीत किंवा उंबऱ्यापाशी रंग फुगलेला, पापुद्रे सुटलेले दिसले, तर गाडी खरंच ताब्यात घेऊ नका आणि तक्रार लेखी द्या. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

'गंज म्हणजे पुरातली गाडी.' २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला ही धास्ती वाटणारच. पण पूर शोधायचा तो गाडीच्या आत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेट उचला, सीटचे रूळ बघा, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. गाळ लपवणं सोपं नसतं.

'यार्डात सडलेली.' त्यासाठी गंज कशाला बघायचा? चेसिस नंबर घ्या आणि उत्पादनाचा महिना विचारा. पुढे तो आरसीवरही छापून येतो. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात आठवडाभर उभी असलेली गाडी सोलापुरात तीन महिने उभी असलेल्या गाडीपेक्षा जास्त तांबूस दिसू शकते.

मेसेजसोबतचा भोकं पडलेल्या चेसिसचा फोटो? नीट बघा, स्टिअरिंगचा दांडा डावीकडे आहे. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिकडची जुनी गाडी दिसतेय.

आता अंडरकोटिंग. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, पण 'त्याच दिवशी' नको. ओल्या किंवा गंजलेल्या पृष्ठभागावर रबरी थर मारला की ओलावा आतच कोंडतो आणि गंज नजरेआड वाढतो. उघडीप बघून, घासून, वाळवून मगच करा, आणि पाणी जायची भोकं बुजली नाहीत ना, हे स्वतः वाकून पाहा. जळकं ऑइल फवारणाऱ्याला मात्र हात जोडा. त्याने सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश फुगतात, आणि चुकून डिस्कवर उडालं तर गाडी थांबायची नाही.