मुलुंडच्या दवाखान्याच्या कामावर आलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

साहेब, नमस्कार.

तुमच्या दवाखान्याचा स्टीलचा सांगाडा आम्ही उभारला, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. दवाखान्याचं उद्घाटन ठरलेल्या मुहूर्तावर झालं नाही, पाहुण्यांना पुन्हा फोन करावे लागले, याचं आम्हालाही वाईट वाटतं. त्या मनस्तापाबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण दोन तारे देताना, आमची माणसं बसलेला फोटो लावून तुम्ही लिहिलंत, “स्टीलची बिल्डिंग झटपट उभी राहते असं सांगितलं, प्रत्यक्षात पाया तयार असूनही महिनाभर एक कॉलम उभा केला नाही. माणसं नुसती बसून होती. पैसे टनावर घेतले आणि वेल्डिंगऐवजी बोल्टवर भागवलं.” यातल्या “पाया तयार असूनही” या शब्दांनी माझी झोप उडाली. आमच्याकडे येणारा प्रत्येक ग्राहक आधी मोबाइलवर रिव्ह्यू बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पाया तयार नव्हता. पायात काँक्रीट भरून झालं होतं, एवढंच.

पायाचं आरसीसी काम तुमच्या ठेकेदाराकडे होतं, आमच्याकडे नव्हतं. प्रत्येक पेडेस्टलमध्ये, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात, कॉलम जखडणारे 24 मिमीचे चार फाउंडेशन बोल्ट उभे सोडायचे होते. ते हलू नयेत म्हणून आम्ही प्रत्येक कॉलमची टेम्प्लेट, म्हणजे मापात भोकं पाडलेली प्लेट, नंबर घालून पाठवली होती. काँक्रीट घट्ट होईपर्यंत ती काढायची नसते. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर घालायला आड येते म्हणून ती मध्येच काढली गेली आणि बोल्ट सरकले. आमचा माणूस थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, लावून मापं घ्यायला आला तेव्हा बरेच बोल्ट 15 ते 20 मिमी बाजूला होते, आणि दोन पेडेस्टलमध्ये तर थेट काँक्रीटच्या कडेला गेले होते. बेस प्लेटचं, म्हणजे कॉलमच्या तळाच्या प्लेटचं, भोक 30 मिमीचं. बोल्टभोवती चहूबाजूंनी 3 मिमी जागा उरते. त्यात 20 मिमी सरकलेला बोल्ट बसणार कसा? ही सगळी मापं त्याच संध्याकाळी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहेत, अजूनही असतील.

तेव्हा तुमच्या ठेकेदाराने सुचवलं की गॅस कटरने भोकं मोठी करा आणि घण मारून बोल्ट सरळ करा. तुम्हीही फोनवर म्हणालात, “करून टाका, नाहीतरी वरून ग्राउट येणार, कुणाला दिसतंय?” ग्राउट म्हणजे प्लेटखाली भरतात तो सिमेंटचा मसाला. मी नाही म्हणालो. तुम्हाला तो हट्ट वाटला असेल. शर्टाचं काज फाडून मोठं केलं तर बटण आत जातं, पण टिकत नाही. क्रेनने कॉलम उभा केला आणि हुक सोडला, की बीम आणि ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, लागेपर्यंत तो फक्त त्या चार बोल्टवर उभा असतो. त्याच्याखाली माझी माणसं काम करतात. पुढे इमारत पूर्ण झाल्यावरही वारा एका बाजूने दाबतो तेव्हा ब्रेसिंगच्या कॉलमचे बोल्ट वर ओढले जातात. आयएस 875 या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण 158 किलोमीटर. तुमचं डिझाइन त्यावर केलेलं आहे. घण मारून वाकवलेला बोल्ट ते सहन करेल असं मी कुणाला लिहून देऊ शकत नाही. खाली तुमचे पेशंट बसणार आहेत.

म्हणून कडेला गेलेले दोन्ही पेडेस्टल फोडून पुन्हा भरावे लागले. काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात आणि डिझाइन इंजिनीअरनी त्याआधी कॉलम चढवायला परवानगी दिली नाही. तुमचा “महिना” तो हाच. त्या काळात तळोज्याच्या शेडमध्ये बाकीच्या कॉलमच्या बेस प्लेट कापून, प्रत्यक्ष मापाप्रमाणे नव्या लावून, पुन्हा प्रायमर मारला. त्याचा एक रुपयाही तुमच्या बिलात नाही. हे तुम्ही लिहायला हवं होतं असं मला वाटतं. वरचे चारही मजले त्या एका महिन्यापेक्षा कमी वेळात उभे राहिले, तेही.

स्टीलचं काम झटपट होतं हे मी आजही सांगेन. पण सगळे भाग शेडमध्ये मापात तयार होऊन येतात म्हणून ते झटपट होतं, आणि म्हणूनच जागेवर चुकायला वाव नसतो. मुंबईला हे नवीन नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून इथे जोडून उभं केलं होतं.

माणसं बसलेल्या फोटोबद्दल. महिना पुढे गेल्यामुळे उभारणी जूनमध्ये आली. त्या दिवशी वारा एवढा होता की क्रेनवाल्याने बूम खाली घेतला, आणि वाऱ्यात लटकता बीम कुणीही धरू नये असा आमचा नियम आहे. पोरं हार्नेस घालून वारा पडायची वाट बघत होती. क्रेनचं भाडं चालूच होतं, ते आम्ही भरलं. त्यात तुमची गल्ली अरुंद, गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी, आणि रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. ऐरोलीच्या पुलावरून येणारा ट्रेलर उतरवायला मधले थोडेच तास हातात राहायचे.

बोल्टचं म्हणाल तर वेल्डिंग झालेलं आहे, शेडमध्ये, छपराखाली, कोरड्या इलेक्ट्रोडने, तपासून. पावसात चौथ्या मजल्यावर लटकून केलेल्या वेल्डपेक्षा टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळलेला 8.8 ग्रेडचा जास्त ताकदीचा बोल्ट मला केव्हाही भरवशाचा वाटतो. टनाचा हिशेबही झाकलेला नाही. एक चौरस मीटर प्लेट, 1 मिमी जाडी, वजन 7.85 किलो. ड्रॉइंग घ्या आणि स्वतः करून बघा, वजनकाट्याच्या पावत्या बिलासोबत जोडल्याच आहेत. वजन वाढलं ते गच्चीवर 10,000 लिटरची टाकी नंतर ठरली म्हणून. 10 टन पाणी वर ठेवायचं तर खालचे कॉलम जाड होणारच.

यापुढे पायाच्या वेळी आमचा माणूस साइटवर ठेवायचा विचार आहे. उशिराची कारणं ग्राहकाला लेखी कळवण्याकडेही जास्त लक्ष देऊ, ऑफिसात तसं सांगितलं आहे.

एक विनंती आहे. तारे बदला असं म्हणणार नाही, पण तो फोटो तेवढा काढा. त्यात पोरांचे चेहरे स्पष्ट दिसतात, आणि खाली कुणीतरी त्यांना कामचोर लिहिलंय. त्यांच्या घरचेही हे वाचतात. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याजवळ रंग खरवडलाय म्हणालात, तो बघायला फोरमन येत्या आठवड्यात येईल. येण्याआधी फोन करेल.