हत्ती म्हणजे कापूस

आज एका वास्तुशांतीला जेवून आले. मांडे होते, बासुंदी होती, पण एक घास अंगी लागला नाही. आल्यापासून धुसफुसतेय. घरात कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथं लिहितेय. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

माझी पुतणी यंदा सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी सायन्स, चांगल्या मार्कांनी पास झाली. पंगतीत आमच्या एका वडीलधाऱ्या काकांनी तिला विचारलं, पुढं काय? ती म्हणाली, धारवाडला कृषी विद्यापीठात मानव विकास शिकायचंय. लहान मुलं कशी वाढतात, वयात येणारी मुलं कशी वाढतात, त्याचा अभ्यास असतो. मग बी.एड. किंवा स्पेशल एज्युकेशन करून शाळेत काम करायचं.

काकांनी हातातला मांडा पानात ठेवला आणि हसले. "सायन्स घेऊन पोरं सांभाळणार होय गं? त्याला डिग्री कशाला पाहिजे? आमच्या आईनं आठ काढली, कुठल्या कॉलेजात गेलती ती? बायकांना ते उपजतच येतंय की."

सगळी पंगत हसली. पोरीनं मान खाली घातली आणि मीठ चिवडत बसली.

ती खाली गेलेली मान मी आधी पाहिलेली आहे.

वीस वर्षं होत आली. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जंगलपट्ट्यातली मराठी शाळा. चौथीचा वर्ग, कन्नडचा तास. मी फळ्यावर दहा कन्नड शब्द लिहिले आणि सांगितलं, वाचा आणि पाटीवर शेजारी चित्र काढा. त्यात एक शब्द होता 'हत्ती'. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. आपला हत्ती त्यांचा 'आने'. बेळगावात वाढलेल्यांना हे पाठ असतं, त्यात काही विशेष वाटत नाही.

एका मुलानं हत्ती काढला. सोंड, सुळे, पायाखाली भात. सुरेख काढला होता. मी पाटी वर धरून अख्ख्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "बघा रे, ह्याच्या कापसाला सोंड फुटली!" वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. खरं म्हणजे पहिली मीच हसले.

त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलानं माझ्या तासाला हात वर केला नाही.

मी मारलं नव्हतं. ओरडलेसुद्धा नव्हते. पोरांची लाडकी बाई होते मी, अजूनही आहे. आणि 'उपजत' म्हणाल तर मीही बाईच होते की!

आता त्या मुलानं काय केलं होतं ते बघा. घरात मराठी. फळ्यावरची कन्नड अक्षरं त्यानं एकेक लावली, जोडाक्षरासकट, आणि शब्द बरोबर वाचला. चौथीत हे सोपं नसतं. वाचल्यावर कानावर जे पडलं त्याचा त्याला ठाऊक असलेला अर्थ त्यानं काढला. कापसाची शेती सौंदत्ती-बैलहोंगलकडं. ह्या पोरानं कापूस पाहिला असेल तर देवाच्या वातीत. हत्तीचं मात्र आठ दिवसांनी स्वयंपाकाच्या मावशींकडून कळलं: त्याच वर्षी सुगीच्या तोंडावर त्यांच्या भातात हत्ती शिरले होते. चित्रातला भात उगाच नव्हता. त्याच्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. त्या उत्तरात चूक होती ती एका शब्दाची, आणि ती समजावून द्यायचा पगार मला मिळत होता.

जाँ पियाजे नावाचा स्विस माणूस 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच काम. त्याला कुतूहल वाटलं ते चुकलेल्या उत्तरांचं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात? त्यावर त्यानं आयुष्य घालवलं. लहान मूल म्हणजे कमी अक्कल असलेला मोठा माणूस नव्हे, त्याची विचार करायची रीतच वेगळी असते, हे त्यातून पुढं आलं. हे मी टी.सी.एच., म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा कोर्स, करताना शिकले होते. म्हणजे त्यानं सांगितलेल्या चार पायऱ्या वयासकट पाठ केल्या होत्या. संवेदक-कारक, क्रियापूर्व, मूर्त क्रियात्मक, औपचारिक क्रियात्मक. शून्य ते दोन, दोन ते सात, सात ते अकरा, त्यापुढं. पेपरात आलं, लिहिलं, मार्क मिळाले. आणि चार-पाच वर्षांत एका मुलाच्या चुकलेल्या उत्तरावर फिदीफिदी हसून मोकळी झाले.

तेव्हा काका, तुमचं थोडं बरोबर आहे. नुसत्या डिग्रीनं काही होत नाही. घ्या. दिलं.

आणखी एक देते, जड जातंय तरी. त्याच जेवणात तुमचा पाच वर्षांचा नातू रडत होता, आठवतंय? त्याचं पन्हं बुटक्या रुंद पेल्यात, शेजारच्या पोराचं उंच ग्लासात. "त्याला जास्त दिलं!" तुम्ही त्याला हावरट म्हणालात. तो हावरट नव्हता. त्या वयाला उंच दिसलं की जास्त वाटतं. पियाजेनं नेमकं हेच, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून, मुलांना विचारलं होतं. पुतणीनं काय केलं? मुकाट्यानं उठली, एक उंच ग्लास आणला, त्याचं पन्हं त्यात ओतलं. पोरगं गप्प. तिनं अजून पियाजेचं नावही ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणाल, बघ, उपजतच आलं ना! म्हणा. ज्याला गाता गळा आहे त्याला आपण गाणं शिकायला पाठवतो. त्याला नाही म्हणत, 'उपजत आहे, आता फार्मसी कर.'

आणि तुमच्या आईचं. थोर बाई होत्या, मी त्यांच्या हातचं जेवलेय. पण आठ काढली म्हणताना त्यातली किती जगली तेही सांगा पंगतीला. तीन गेली. त्यांना कुणी दोष देत नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पण अडाणीपण हा काही मिरवायचा दागिना नव्हे.

(हे जरा जास्त झालं. पण खोडणार नाही.)

आपल्याकडं गंमत आहे. म्हशीला ताप आला तर डॉक्टर पाहिजे. उसाला काय घालायचं ते विचारायला लोक कृषी केंद्रात जातात. पोराचं मात्र सगळ्यांना सगळं कळतं. दुसरीतलं पोर 'ब' आणि 'भ' मध्ये घोटाळा करतंय, त्याला ऐकू नीट येत नसेल का, दिसत नसेल का, की घरी दुसरीच भाषा आहे? हे बघायचं डोळ्यांनी आणि कानांनी, आणि ते डोळे-कान शिकून तयार करावे लागतात. माझ्या वर्गात नुसत्या प्रेमावर चालत नाही. प्रेम त्या हत्तीच्या दिवशीही होतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एवढंच. इथं भाषेवरून भांडायला माणसं कमी नाहीत, मी आज ते भांडण काढत नाही, कमेंटमध्येही काढू नका. मला एवढंच दिसतं की आपल्या भागात मूल घरी एक, शाळेत दुसरी, मोबाईलवर तिसरी भाषा ऐकतं आणि त्यातून वाट काढतं. नव्या भाषेच्या वर्गात टाकलेलं मूल कधी कधी महिनोन् महिने गप्प बसतं. आत साठवत असतं. आपण त्याला 'मंद' लिहून मोकळे होतो. मी लिहिलंय. एकदा नाही.

मोठ्या मुलांचं तर विचारूच नका. माझा लेक एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, होता तेव्हा रोज पहाटे पाच वाजता त्याचं पांघरूण ओढायची, आळशी म्हणायची, एकदा तोंडावर पाणी मारलं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप उशिरा लागते आणि उशिरा उघडते, हे मला तो कॉलेजात गेल्यावर समजलं. हायस्कूलवाले सकाळी स्पेशल क्लास ठेवतात आणि मागच्या बाकावर पोरं पेंगतात, मग पोरं वाया गेली म्हणायचं. माझ्या हायस्कूलच्या मैत्रिणी आता चिडतील. चिडा. पोर्शन संपवायचा असतो, मला कळतं.

आणि पोटापाण्याचं म्हणाल, तर टीईटीचे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे, दोन्ही पेपर 150 मार्कांचे, त्यातले 30 बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे. आमच्याकडं शिक्षक म्हणून नवीन येणारी मुलं ते 30 मार्क गाईडमधून घोकून काढतात, मी टी.सी.एच.ला काढले तसेच. मूल बघून टिपण करायची जी फाईल असते, ती गेल्या वर्षीच्या बॅचची उतरवतात. मुलाचं नाव बदलतात, बाकी मूल तेच. माझी पुतणी तीन-चार वर्षं खरोखरची मुलं बघणार म्हणते, तर तिला हसायचं!

नोकरी लगेच मिळत नाही, हे मान्य. पगार काय असतो तोही माहीत आहे. पुढचं बोला.

बालशिक्षणातल्या तारा मोडकांचं नाव घेतलं की आपण सगळे माना डोलावतो. त्या आणि अनुताई वाघ डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलांत गेल्या. पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर ह्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! मुलं कुठं आहेत ते आधी बघितलं. माझा वर्गही त्या दिवशी भातशेतात न्यायला हवा होता. मी पाटी वर धरली.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं 17 वं कलम म्हणतं, मुलाला मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. छड्या गेल्या, बऱ्यापैकी. पण हसण्याला छळ म्हणायचं कुणाच्या मनात येतं? आज पंगतीत आलं का कुणाच्या?

तो मुलगा सातवीनंतर गोव्याला कामाला गेला, असं ऐकलं. त्या घरची परिस्थिती तशीच होती, माझ्या हसण्यानं गेला असं नाही म्हणत मी. पण माझ्या हसण्यानं थांबलाही नसेल.

घरी येताना बसमध्ये पुतणीला ही गोष्ट सांगितली. इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काकू, मग तुम्ही त्याला नंतर विचारलं का, हत्ती आले तेव्हा तो कुठं होता? भ्याला असेल की."

नाही विचारलं. मावशींकडून कळल्यावरही नाही. वीस वर्षांत मला हा प्रश्न सुचला नाही, तिला खानापूर यायच्या आत सुचला.

ह्या आठवड्यात आम्ही दोघी धारवाडला जाणार, कॉलेज बघून यायला. काकांनाही यायचं असेल तर यावं, दोन तासांचा रस्ता आहे, गप्पा होतील. आम्हाला, कर्नाटकातल्या बायकांना, सरकारच्या शक्ती योजनेचं फुकट तिकीट आहे. त्यांनी त्यांचं काढावं.