गाडी येईपर्यंतची पस्तीस मिनिटे

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठवड्यात, आमच्या वस्तीवर कडबाकुट्टीत एका सालगड्याचा उजवा हात सापडला. मोटार बंद करून हात बाहेर काढला, पण भोवती जमलेल्या दहा-बारा जणांपैकी, ज्यांत मीही होतो, एकालाही पुढे काय करायचे ते ठाऊक नव्हते. कुणी हळद आणली, कुणी चहाची पूड दाबायला सांगितली. मी टॉवेल गुंडाळला आणि तो भिजला की काढून दुसरा गुंडाळत राहिलो. १०८ क्रमांकाची गाडी पस्तीस मिनिटांत आली आणि आमचे रस्ते पाहता त्याला उशीर म्हणता येणार नाही. माणूस वाचला, हात मात्र गेला.

गेल्या महिन्यात मी गंभीर दुखापतीवरील प्रथमोपचाराचे दोन दिवसांचे प्रगत प्रशिक्षण घेतले, तेव्हा माझी चूक मला कळली. भिजलेले कापड काढले की धरू लागलेली गुठळीही त्यासोबत निघते. म्हणून पहिले कापड तसेच ठेवून त्यावर दुसरे ठेवायचे आणि दोन्ही तळहातांनी, अंगाचा भार टाकून, मध्ये उचलून न पाहता दाबत राहायचे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. हातापायाचे रक्त दाबाने थांबत नसेल तर जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांधा टाळून, टुर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह अडवणारा रुंद पट्टा, आवळायचे, रक्त थांबेपर्यंत आवळायचे आणि वेळ लिहून ठेवायची. रुग्ण वेदनेने ओरडतो, तरी ते सैल करायचे नाही. जांघेत किंवा काखेत टुर्निकेट बसत नाही. तिथे जखमेत गॉज खोलवर भरून वरून दाब द्यावा लागतो. आपल्याकडे सुतळी किंवा तार बांधायची सवय आहे, ती मला सर्वांत घातक वाटते, कारण ती मांसात रुतते आणि धमनीचे रक्त बहुधा थांबवतही नाही.

हे सारे वाचून समजते, पण हाताला येत नाही. मटणाच्या तुकड्यातून नळीने लाल पाणी सोडून आमच्याकडून सराव करून घेतला, तेव्हा किती जोर लागतो हे पाहून मी थक्क झालो.

अर्धवट ज्ञान घातक असते, असे माझे डॉक्टर मित्र म्हणतात. मी तो आक्षेप गांभीर्याने घेतो, आणि म्हणूनच काय करायचे नाही हेही प्रशिक्षणात तितकेच ठसवले पाहिजे: रुतलेली सळई उपसायची नाही, आग किंवा तसाच दुसरा धोका नसेल तर मणक्याला मार बसलेल्या माणसाला हलवायचे नाही, पोटाच्या जखमेत काही कोंबायचे नाही. शिवाय उजळणी दर वर्षी व्हावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस लागत असे. कडबाकुट्टी, मळणीयंत्र आणि ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंत ही तरतूद कधी पोहोचलीच नाही. रस्त्यांचेही तेच आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजून ऐकू येते. परंतु सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१६ चा आदेश आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ यांनी मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेले आहे. आता उणीव आहे ती शिकलेल्या हातांची.

म्हणून गळीत हंगाम सुरू होण्याआधी ट्रॅक्टरचालक, टोळ्यांचे मुकादम आणि वस्तीवरच्या बायका यांच्यासाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा, अशी विनंती मी आमच्या सोसायटीला केली आणि ती मान्य झाली. पहिल्या वीस नावांत त्या सालगड्याचेही नाव आहे. एका हाताने दाब पुरेल का, असे त्याने मला विचारले. हात पुरत नसेल तेव्हा जखमेवर गुडघा टेकवून भार द्यायचा, हे आम्हाला शिकवलेलेच आहे, आणि त्याला ते मी स्वतः दाखवणार आहे.