आधी तो सुरा बाजूला ठेवा

सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात घरच्या ग्रुपवर काकांची रील आली. खाली लिहिलेलं, 'पावसाळा आला, सेव्ह करून ठेवा.' लष्करी रंगाची पँट घातलेला एक बाप्या, हातात कोयत्याएवढा सुरा, आणि साप चावला तर काय करायचं ते शिकवतोय. दोरी करकचून आवळा. चीर द्या. तोंडाने विष ओढा, थुंका. शेवटी सापाचं मुंडकं उडवून शेकोटीवर भाजून खाल्लंन सुद्धा. मागे ढोल वाजतायत. लाखो लोकांनी पाहिलंय आणि 'जय हो दादा' म्हणतायत.

चहा गार झाला तो झालाच.

काका, तुमच्यावर राग नाही. काळजीपोटीच पाठवलंत. पण २२ जुलै २०२१ ला आमच्या माळ्यावर तुम्हीही होतात ना हो?

जे चिपळूणचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आषाढी होऊन दोनच दिवस झालेले. रात्रभर पाऊस नुसता कोसळत होता. पहाटे उठून बघतो तर वाशिष्ठी नदीचं पाणी ओटीवर. सासूबाई म्हणाल्या, '२००५ ला उंबऱ्यापर्यंत आलेलं, तेवढंच येईल.' तासाभरात फ्रिज तरंगायला लागला. आम्ही सात माणसं, गॅसची शेगडी, देवांचा डबा आणि बिस्किटांचे चार पुडे असे माळ्यावर चढलो. लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, एक टॉर्च.

आणि आढ्याजवळच्या वाशावर साप.

टॉर्च आधी भाऊजींनी मारला. 'फुरसं!' म्हणून ओरडले. काकांनी आंबे काढायची आकडी उचलली. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, 'ठेवा ती आकडी. अंधारात नेम चुकला तर ते कोणाच्या अंगावर पडेल? आणि ते जाईल कुठे, खाली पाणी आहे ना.' बस्स. मग आम्ही सगळे या टोकाला सरकलो, मधे पत्र्याच्या ट्रंका लावल्या, आणि टॉर्च आळीपाळीने त्याच्यावर धरून बसलो.

मला विचाराल तर जीव वाचवण्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. सरका, जागा द्या, नजर ठेवा. पण याची रील कोण बघणार? ढोल कुठे वाजवणार?

आता त्या सुऱ्याचं बोलू. घोणस नाहीतर फुरसं चावलं की माणसाचं रक्त गोठेनासं होतं. सरकारी दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात, गोठतंय का बघतात. चाचणी एवढी साधी आहे. आणि अशा माणसाला हा बाप्या चीर द्यायला सांगतोय! ते रक्त थांबवणार कोण, ढोलवाले? दोरी आवळली तर हात किंवा पाय काळा पडून कापायची पाळी येऊ शकते. तोंडाने विष बाहेर येत नाही, जखमेत आपल्या तोंडातली घाण तेवढी जाते.

आणि ते नेहमीचं 'साप मारून दवाखान्यात न्या'. कशाला? नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर मिळून एकच प्रतिविषाचं इंजेक्शन असतं, घोड्याच्या रक्तापासून केलेलं. डॉक्टर माणसाची लक्षणं बघून ठरवतात, त्यांना मेलेला साप नको असतो. त्याच्या मागे काठी घेऊन धावणाऱ्यालाच दुसरा दंश होतो. त्यापेक्षा अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, कारण सूज येणार आहे. मोडलेल्या हाताला बांधतो तशी फळी बांधा, हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. मांत्रिकाकडे नेऊ नका हे माझ्या यादीतल्या लोकांना सांगायला नको. पण हा रीलवाला म्हणजे पँट घातलेला मांत्रिकच की!

मण्यारीचं तर त्याला माहीतही नसेल. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. ना दुखत, ना सुजत. पहाटे पोटात कळ येते, घरचे ओवा देतात, आणि मग पापण्या मिटायला लागतात. त्यावर उपाय सुरा नाही. मच्छरदाणी, आणि तीही नीट गादीखाली खोचलेली.

आपल्याकडे विंचवाने माणसं मरायची. शेजारच्या महाडात बसून डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीने ती वाचवून दाखवली, जगभर नाव झालं. घराजवळ एवढं असताना आपण सुरेवाल्याला 'दादा' म्हणतो.

बरं, मान्य. लेकरू शेजारी झोपलंय आणि अंथरुणात फुरसं निघालं तर माणूस काठी उचलणारच. मी त्याला कायदा सांगायला जाणार नाही. आणि माकडांच्या बाबतीत माझंही मन एवढं मोठं नाही. सगळ्या केळी खाल्ल्या मेल्यांनी यंदा.

पण माळ्यावरची ती रात्र डोळ्यांसमोरून जात नाही. खाली पाण्यात खुर्च्या एकमेकींवर आपटत होत्या. भिंतीवरून गोमी, मुंग्या, एक विंचू, सगळे पाण्याच्या रेषेबरोबर वर वर येत होते. ट्रंकेच्या कडेला एक उंदीर भिजून बसलेला, सापापासून चार हातांवर. ना याने त्याला धरलं, ना तो पळाला. सासूबाई मधेच पुटपुटल्या, 'यालाही पोरंबाळं असतील.' उंदराबद्दल म्हणाल्या की सापाबद्दल, विचारायचं राहिलं. आता विचारायला त्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. आम्ही कौलं सरकवून ठेवली होती, तिथून साप कधी गेला कळलंही नाही. मोबाइल चालू झाल्यावर फोटो एका सर्पमित्राला पाठवला. म्हणाला, 'वहिनी, हा विरोळा. बिनविषारी.' रात्रभर ज्याला घाबरून बसलो तो हा!

आणि ज्याला घाबरायला हवं होतं त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. घरात ढोपरभर चिखल. भाऊजी अनवाणी फावडं मारत होते, टाचेला भेग. आरोग्यसेविका दारोदार डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सीसायक्लिनच्या, गोळ्या देऊन गेली. आम्ही घेतल्या. भाऊजींनी खिशात ठेवल्या. 'मला काय धाड भरलीय?' नवव्या दिवशी ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतायत की चादर लागली तरी ओरडतायत. एका डॉक्टरने व्हायरल म्हणून तीन दिवस घालवले. (नाव लिहीत नाही, पण गावात कळलंय.) निघाला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुतातून चिखलात, चिखलातून भेगेत. मूत्रपिंडावर गेलं, अकरा दिवस दवाखान्यात काढले. गोळ्या शर्टाच्या खिशात धुतल्या गेल्या होत्या, मीच काढल्या तो पांढरा लगदा.

हे लिहिताना परत संताप येतोय. भाऊजींचाही. माणूस सापाशी लढायला तयार असतो, पण गमबूट घालायला लाजतो. चिखलात पाय घालण्याआधी गमबूट घाला आणि गोळी डॉक्टरला विचारून घ्या, याची रील काढा ना कोणीतरी. हवं तर ढोल वाजवा.

काकांना ग्रुपवर हे सगळं लिहिलं, जरा सौम्य करून. त्यांनी अंगठा पाठवलाय. त्याखाली भाऊजींनी तीच रील परत टाकलीय, 'दादा भारी आहे' म्हणून.