एकशे पासष्ट, एकशे साठ, चाळीस, एकशे बासष्ट

तीन आठवडे. एक्केचाळीस हजार रुपये. आणि या तीन आठवड्यांत त्या गॅरेजमधल्या एकाही माणसाला स्पार्क प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावावंसं वाटलं नाही!

चूक माझी होती, ती मी पहिल्याच दिवशी सांगितली. माझी २०१५ ची अबार्थ पुंटो, १४५ हॉर्सपॉवरची, रांजणगावात बनलेली. खंबाटकी चढताना ट्रक ओलांडत होतो. तिसऱ्यातून चौथा टाकायचा, तर हात डावीकडे ओढला गेला आणि दुसरा पडला. क्लच सोडला तशी गाडीने किंकाळी फोडली, आरपीएमचा काटा लाल पट्टा ओलांडून पलीकडे. सेकंदभरात क्लच परत दाबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर आयडलला थरथर, चढाला दम नाही, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. गाडी तिथेच बंद केली आणि टोइंग करून पुण्यात आणली. गॅरेजच्या सल्लागाराला शब्दन् शब्द सांगितलं, चुकून दुसरा पडला, इंजिन फार फिरलंय, आधी कॉम्प्रेशन बघा.

त्याचं उत्तर काय? "साहेब, आजकालच्या गाड्यांना लिमिटर असतो, इंजिनला काही होत नाही."

अहो, लिमिटर पेट्रोल तोडतो किंवा ठिणगी तोडतो. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबून इंजिन पळवत असाल तेव्हा तो तुम्हाला अडवतो. चुकीचा गिअर पडला की इंजिनला पेट्रोल फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात. टनभर वजनाची धावती गाडी गिअरबॉक्समधून क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, गरागरा ओढते. तिथे लिमिटर काय करणार? हे गॅरेजमधल्या पोऱ्यालाही माहीत हवं, आणि इथे इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस मला उलटं शिकवतोय.

वेग लाल पट्ट्याच्या सव्वापट झाला की पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडवरचा ताण सव्वापट होत नाही, दीडपटीच्याही वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या वेगाला पुरत नाहीत. व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही, खालून पिस्टन वर येतो आणि त्याला ठोकतो. व्हॉल्व्ह केसभर वाकला तरी सीटवर नीट बसत नाही, त्या सिलिंडरचा दाब गेला. एवढी साधी गोष्ट आहे.

स्कॅनर लावला. पी०३०३ आला, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. बस, एवढ्यावर यांचं निदान संपलं. आधी चारही प्लग बदलले. मिसिंग तसंच. मग प्लगला ठिणगी पुरवणारे कॉइल, तेही चारच्या चार. मिसिंग तसंच. मग इंजेक्टर साफ केले. अरे बाबांनो, जुना कॉइल तिसऱ्यावरून काढून पहिल्यावर लावा, मिसिंग पहिल्यावर सरकतंय का बघा! पाच मिनिटं लागतात, रुपया लागत नाही. पण मग चार कॉइलचं बिल कसं फाडणार?

खरा संताप याच्या पुढचा आहे. या काळात त्यांनी गाडी ट्रायलला नेली, दोनदा. मी टो करून आणलेली गाडी. वाकलेल्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं असतं तर पिस्टन फुटला असता, तुकडे एक्झॉस्टमधून जाऊन टर्बोची पाती उडाली असती. शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जात होतं ते वेगळंच. फियाटने इथल्या गाड्या विकणं कधीच बंद केलंय, एकेका पार्टसाठी नाना पेठेत दुकानं पालथी घालावी लागतात, आणि हे लोक "आवाज ऐकतो" म्हणून रेस देत बसले होते. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "इंजिन गेलं साहेब, पूर्ण बदलावं लागेल." कशावरून? काय मोजलंत? उत्तर नाही.

गाडी उचलली आणि एका म्हाताऱ्या काकांकडे नेली. पत्र्याची शेड, दोन पोरं. त्यांनी गाडी स्टार्टसुद्धा केली नाही. आधी ऑइल सोडलं, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरला. थोडी धातूची चमक होती, मोठे कण नव्हते. मग टायमिंग पट्ट्याच्या खुणा जुळवून बघितल्या, पट्टा दात चुकलेला नव्हता. बॅटरी फुल चार्ज, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकेका सिलिंडरला गेज. दाब पीएसआयमध्ये: १६५, १६०, ४०, १६२. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा घेतलं, तरी ४०. पिस्टनची रिंग गेली असती तर ऑइलने फट भरून आकडा चढला असता. मग तिसरा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली आणि काका सायलेन्सरला कान लावून बसले. सूंऽऽ. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला, पिस्टनवर चंद्रकोरीसारखी खूण. सगळं मिळून दुपारचा चहा व्हायच्या आत.

हेड उतरवलं. तिसऱ्याचे दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेले, एक गाइड तडकलेला. बाकीच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळती बघितली, नाही. काकांनी तरी खालून ऑइलचा चेंबर उघडायला लावला, कारण ऑइलात चमक होती. रॉडच्या दोन बेअरिंगवर घासल्याच्या रेघा निघाल्या. बेअरिंगं नवी, रॉडचे बोल्ट नवे, हेडचे बोल्ट नवे, गॅस्केट, पट्टा. जुने ताणलेले बोल्ट परत लावू देणार नाही, हे त्यांनीच ठणकावून सांगितलं. ब्लॉक, पिस्टन, क्रँक, टर्बो सगळं ठणठणीत. हेच इंजिन हे लोक भंगारात घालायला निघाले होते!

माझे जुने कॉइल परत मागितले. चारही चांगले होते, नवे लावून काही बदललं नाही हाच त्याचा पुरावा. म्हणे स्क्रॅपला गेले. कोणाला विचारून गेले? गाडी माझी, कॉइल माझे, नव्यांचे पैसे माझे.

उद्या सकाळी त्या काउंटरवर पुन्हा जाणार आहे. काकांनी आकडे लिहिलेला कागद आणि ते दोन वाकडे व्हॉल्व्ह सोबत घेऊन. एक्केचाळीस हजारांचा हिशोब ओळीने मागणार, आणि मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.