उडी मारली म्हणे!

आज एका साखरपुड्याला गेले होते. जेवणाच्या रांगेत पुण्याहून आलेले एक पाहुणे, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, सगळ्यांना समजावून सांगत होते की भारताने कमाल केली. बाकीचे देश शेतीतून कारखान्यात आणि मग सेवाक्षेत्रात गेले, आपण मधली पायरी गाळून थेट वर उडी मारली. आजूबाजूचे माना डोलावत होते. शेजारी माझा धाकटा चुलतभाऊ उभा. त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय शेतकरी राजा, यंदा कांद्याने हात दिला की नाही?"

तो हसला. मीही गप्प बसले, मुलीकडची माणसं होती समोर. पण आता घरी येऊन तासभर झाला तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

तो 'शेतकरी राजा' आयटीआय झालेला फिटर आहे हो. चाकणला एका कंपनीत होता, ठेकेदाराकडून. सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग नवा गेटपास, पुन्हा पहिल्यापासून. पर्मनंट करतो, करतो म्हणत वर्षं गेली. लग्नाआधी चौघांत एक खोली, मेसचा डबा, ओव्हरटाइम मिळाला तर घरी चार पैसे. तरी खूश होता. कारण काम हातातलं होतं आणि महिन्याच्या महिन्याला पगार होता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं आणि हा गावी आला तो आलाच.

गावाकडे जमीन किती? तीन एकर. ती आधीच काका आणि थोरला भाऊ कसत होते. आता तिघं कसतात. कांदा तेवढाच निघतो, खाणारी तोंडं वाढली. बीएला अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही याला प्रच्छन्न बेरोजगारी म्हणून पाठ केलं होतं, पाच मार्कांना.

आणि हा एकटाच नाही. सरकारच्याच श्रमशक्ती पाहणीत बघा. 2018-19 ला देशातल्या कामकऱ्यांपैकी 42.5 टक्के शेतीत होते, 2023-24 ला 46.1. देश पुढे जातो तशी शेतातली माणसं कमी होतात, हे जगभर झालंय. आपल्याकडे पाच वर्षांत वाढली! 1950 च्या सुमाराला देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्मा होता, आता पाचव्या हिश्शाच्याही खाली आहे. उत्पन्न शेतातून निघून गेलं, माणसं तिथेच राहिली. उडी मारली म्हणे! कोणी मारली?

पुण्याला आयटीने पैसा दिला, माझ्याच भाच्याचा फ्लॅट त्यातून झालाय, मान्य. पण देशातल्या शंभर कामकऱ्यांमागे आयटीतला जेमतेम एक. सेवाक्षेत्र म्हणून छाती फुगवता त्यात सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनही येतो आणि पाठीवर बॅग घेऊन पाचवा मजला चढणारा पोरगाही. भावाच्या आयटीआयच्या बॅचमधले कितीतरी तिकडेच गेले. लेथवर हात बसलेली पोरं बिर्याणी पोचवतात.

दक्षिण कोरियाचं उदाहरण सगळेच देतात, मीही देते. 1963 मध्ये तिथे साठ टक्क्यांहून जास्त कामकरी शेतीत होते, आज पाच-सहा टक्के. सुरुवात त्यांनी जहाजांनी आणि चिपांनी नाही केली. साठच्या दशकात ते प्लायवूड, कापड आणि केसांचे टोप विकत होते! खेड्यातल्या मुलींना कारखान्यात पगार मिळाला. फार राबवलं त्यांना, आणि सरकारही हुकूमशाहीच होतं, हे लपवायचं कारण नाही. पण पगार मिळाला आणि पोरं शिकली. आपण काय केलं? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून पोलादाचे मोठे कारखाने काढले, ज्यात पैसा भरपूर लागतो आणि माणसं थोडी. आणि ज्यात माणसं लागतात ते तयार कपडे 2000 च्या आसपासपर्यंत लघुउद्योगांसाठी राखून ठेवले, म्हणजे कोणी मोठा होऊच नये. तोवर बांगलादेश पुढे निघून गेला. 2014 मध्ये 'मेक इन इंडिया' आलं, कारखानदारीचा वाटा 2022 पर्यंत 25 टक्क्यांवर नेणार होते. 2022 येऊन गेलं. वाटा अजून तेरा ते सतराच्या मध्येच घुटमळतोय.

आता कारखान्यातही रोबो आलेत, कोरियाची वाट जशीच्या तशी चालता येणार नाही, हेही खरं. म्हणून काय फिटरने खुरपंच हातात धरायचं?

मागच्या दिवाळीत गावी गेले होते तेव्हा विहिरीवरची मोटार आवाज करत होती. भावाने ती उघडली. घरातून एक स्टीलचा डबा आणला, आत फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार. चाकणला असताना स्वतःच्या पैशाने घेतलेला. शाफ्ट पुसून दोन ठिकाणी माप घेतलं आणि म्हणाला, "ताई, बेअरिंग बदलून भागायचं नाही, शाफ्टच झिजलाय." इतक्या सफाईने काम चाललं होतं की मी नुसती बघत राहिले. गावातली निम्मी माणसं मोटार घेऊन त्याच्याकडे येतात. पैसे? भावकीत कोण देतंय. चहा पाजतात.

पाहुण्यांवरचा राग थोडा उतरलाय लिहिता लिहिता. त्यांचं तरी काय, त्यांच्या मजल्यावरून जे दिसतं ते बोलले.

पण वहिनीचं, म्हणजे याच भावाच्या बायकोचं, राहिलंच. ती चाकणला घरबसल्या शिवणकाम करून चार पैसे कमवायची. आता कांद्याची लागवड, खुरपणी, काढणी, साठवणीची चाळ भरणं, सगळं करते, घरचं आहे म्हणून बिनपगारी. 2017-18 ला देशातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी 23 टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, 2023-24 ला 41 च्या वर गेल्या, म्हणून टाळ्या वाजतात ना, त्यात घरच्या शेतात अशा बिनपगारी राबणाऱ्या बऱ्याच आहेत. काही बायका खरंच कमावायला लागल्या असतील, नाही म्हणत नाही. पण आमच्या वहिनीच्या हातात पूर्वी स्वतःचे पैसे असायचे, आता भिशीचा हप्ताही नवऱ्याकडे मागावा लागतो. कमेंटमध्ये जीडीपी घेऊन येणाऱ्यांनी आधी तिची प्रगती कुठे झाली ते सांगा, मग पुढचं बोलू.