रोमन-बिमन

गेल्या रविवारी भावाचा फोन आला. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या छोट्या व्याख्यानमालेच्या समितीवर तो आहे. यंदा एका निवृत्त प्राध्यापकांनी ब्रह्मपुरीचं उत्खनन आणि रोमन व्यापार यांवर बोलायची तयारी दाखवली होती. समितीनं नको म्हटलं. "अक्का, रोमन-बिमन ऐकायला कोण येतंय? आपलाच इतिहास सांगून संपंना!" त्या दिवशी आता ताणमुक्तीवर कुणीतरी बोलणार आहे.

ते 'रोमन-बिमन' तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आपलाच म्हणजे कुठला? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात ब्राँझच्या वस्तू निघाल्या, त्यांत पोसायडन होता. ग्रीकांचा समुद्रदेव, उंची वीतभरही नाही, आणि सापडला कुठे, तर घाटावर! कल्याण, पैठण, तेर ही गावं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक-रोमन परदेशी लोकांनी, दान दिले, तसं त्या खांबांवरच कोरलंय. हे परकं कसं झालं?

मी इंग्लंडात न्यूकॅसलला राहते. इथली सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज, म्हणजे पुराण्या वस्तूंच्या अभ्यासकांची संस्था, १८१३ची. रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीची पहिली वारी १८४९ची; १८८६पासून लोक ती साधारण दर दहा वर्षांनी काढतात. फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये एका व्याख्यानाला गेले होते. बाहेर आडवा पाऊस, आत ओल्या कोटांचा वास, तरी खुर्च्या कमी पडल्या. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आयुष्यभर बस चालवली. त्यांनी भिंतीच्या चुन्याबद्दल असा प्रश्न विचारला, की वक्त्या बाई चष्मा काढून क्षणभर गप्पच राहिल्या. आपल्याकडे चुना कालवलेले, दगड घडवलेले किती हात आहेत! त्यांना कुणी बोलावलं का कधी?

भाऊ म्हणतो, तिकडं पेन्शनवाले रिकामे असतात. आणि आपल्या पेठेत? सकाळी रंकाळ्यावर चक्कर मारून आल्यावर ती माणसं दिवसभर काय करतात, मला माहीत आहे.

पण त्याला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. लहानपणी प्रत्येक सुट्टीत आम्ही टाउन हॉलच्या बागेत जायचो. भेळ खायची, झाडाखाली पळायचं. संग्रहालयाच्या दारातून आत एकदाही गेले नाही. तिथं पोसायडन आहे हे मला इथं कळलं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. भारताच्या व्यापारावरच्या एका व्याख्यानात पडद्यावर ती मूर्ती आली आणि वक्त्यानं 'कोलापूर' म्हटलं. माझा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी मान खाली गेली. चहाच्या वेळी "ते माझं गाव" म्हणून सांगितलं, तेव्हा इथल्या तीन वर्षांत पहिल्यांदा चार माणसं माझ्याभोवती जमली.

मेट्रोनं साउथ शील्ड्सला गेलं की अर्बियाच्या रोमन किल्ल्यातल्या संग्रहालयात दुसऱ्या शतकातला एक समाधीचा दगड आहे. सीरियातल्या पाल्मिराचा बाराटीस इथवर आला होता. ब्रिटनमधल्याच रेजिना नावाच्या दासीला त्यानं मुक्त केलं, तिच्याशी लग्न केलं, आणि ती तिसाव्या वर्षी गेली. दगडात ती वेताच्या खुर्चीत बसली आहे, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा तेवढा फुटलाय. लॅटिन मजकुरात व्याकरण चुकलंय. पण त्याखाली पाल्मिराच्या लिपीत एक ओळ सफाईनं कोरली आहे: 'बाराटीसनं मुक्त केलेली रेजिना, अरेरे!'

ती ओळ इथं टाइन नदीकाठी कितीजणांना वाचता येत असेल? माझ्या मुली मराठी बोलतात, वाचता येत नाही. त्या दगडापुढे मी दर वेळी जरा जास्तच थांबते.

फोन ठेवताना भाऊ म्हणाला, "तूच ये की डिसेंबरात. इंग्लंडच्या आयुष्यावर बोल, हॉल भरंल." ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ज्यांनी ब्रह्मपुरीसाठी आयुष्य घातलं त्यांना खुर्ची नाही, आणि गाव सोडून गेलेल्या मला हार-नारळ.

मी कळवलंय: येते. पण पहिला पाऊण तास प्राध्यापकांचा, नंतर मी बाराटीसबद्दल बोलेन. आणि सकाळी पेठेतल्या मुलांना टाउन हॉलच्या संग्रहालयात आत न्यायचं. समितीची बैठक शनिवारी आहे.